चपटी पात, तिधारी पात

माझं आणि माझ्या थोरल्या जावेचं कधीच पटलं नाही. हे लिहायला मला संकोच वाटत नाही, कारण तीही हे गावभर सांगत असते. ती चाकूर तालुक्यातल्या गावी शेतीवाडी बघत राहिली, मी लातूरला कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत राहिले. सणावाराला आम्ही दोघी एका स्वयंपाकघरात आलो की भांड्यांचा आवाज जास्त आणि बोलणं कमी. मी तिला अक्का म्हणते. ती मला मास्तरीणबाई म्हणते, आणि त्यातलं 'बाई' अशा सुरात लांबवते की ऐकणाऱ्याला वाटावं, मी बालवाडीतल्या पोरांची नाकं पुसते.

सुरुवात एका चटईवरून झाली. घरात मूल जन्मलं की अक्का त्याच्यासाठी एक चटई विणायची. तेल लावून बाळाला कोवळ्या उन्हात निजवायचं ते त्या चटईवर. बाजारच्या चटईसारखी ती टोचत नाही, ओली झाली तरी कुजका वास मारत नाही आणि घडी घातली तरी चिरत नाही. हे सगळं मला आज माहीत आहे. माझी मुलगी झाली तेव्हा एवढंच दिसलं की तळ्यातल्या पाल्याची हिरवट-पिवळी चटई माझ्या आठ दिवसांच्या लेकराखाली घालायला कुणी तरी आणली आहे. डॉक्टरांनी स्वच्छता पाळायला सांगितली आहे, असं म्हणून मी ती बाजूला ठेवली. डॉक्टर चटईबद्दल काही बोलले नव्हते. अक्कानं चटई उचलली आणि त्या वर्षीपासून तिच्यावर शेवया वाळत घातल्या, मुद्दाम, मी आले असताना, माझ्या समोर.

त्या चटईचा पाला तळ्यातल्या पाणकणसाचा. गावाला निजामाच्या काळातलं एक तळं आहे, त्याच्या कडेनं पाणकणीस माजलेलं. माणसापेक्षा उंच पाती आणि वर तपकिरी, मऊ, कणसासारखा दांडा, म्हणून हे नाव. गावाच्या लेखी ते सगळं एकच. अक्काच्या लेखी मात्र त्यात दोन होती. एक सगळीकडे माजलेलं, ते चपटं. दुसरं फक्त चिंचेखालच्या कोपऱ्यात, ती तिधारी. चटई तिधारीचीच व्हायची. चपट्या पातीची विणली तर वाळल्यावर घडीवर तडकते.

तिधारी त्या तळ्यातली नव्हतीच. अक्काचं माहेर किल्लारीकडचं. लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी जाऊन आली तेव्हा तिथल्या तळ्यातले चार कंद फडक्यात बांधून तिनं आणले आणि इथे चिंचेखाली चिखलात रोवले. पोरी माहेराहून मोगरा आणतात, जास्वंद आणतात, हिनं चिखलातलं गवत आणलं म्हणून सासरी हसले होते म्हणे. पुढे भूकंपात तिचे आई-वडील गेले. गाव दुसरीकडे वसलं, जुन्या तळ्यात ढिगाऱ्याचे दगड भरले. हे मला नवऱ्यानं सांगितलं. अक्का त्याबद्दल कधी अवाक्षर बोलली नाही. दर वर्षी पाऊस संपला की कमरेइतक्या पाण्यात उतरून ती तिधारी कापायची, आणि तिला कापताना कुणी मदत केलेली चालायची नाही.

दहाएक वर्षांपूर्वी कॉलेजात प्रत्येकानं एखादा प्रकल्प करावा असं फर्मान निघालं. मी गावच्या तळ्यातल्या वनस्पतींची यादी करायचं ठरवलं. राहायची सोय घरचीच होती आणि नवराही खूश होणार होता. माघ महिना होता. मी गुडघ्यापर्यंतचे बूट घालून काठाकाठानं फिरत होते, पाण्यात उतरत नव्हते. चिंचेखाली अक्का कापून वाळवलेल्या पातीच्या पेंढ्या बांधत बसली होती. मी तिथलं एक पान तोडून पिशवीत टाकलं तसं ती म्हणाली, "ती येगळी हाय. बुडाला हात लावून बघ."

मी म्हणाले, "अक्का, हात लावून बघायला हे काय वांगं आहे?"

तिनं पेंढीला गाठ मारली, ती जरा जास्तच जोरात मारली. मला मनातून बरं वाटलं. तिला गप्प करणं वर्षातून एखाद्या वेळीच साधायचं.

आता मी काय केलं ते सांगते, कारण असली चूक माझ्या धंद्यातला माणूसच करू शकतो. आम्ही झाड ओळखतो ते वाळवून. पान वर्तमानपत्राच्या घडीत घालायचं, वर वजन ठेवायचं, आठ-दहा दिवस रोज कागद बदलायचा आणि मग जाड पुठ्ठ्यावर चिकटवायचं. मी दोन्ही ठिकाणची पानं अशी दाबली. वजन म्हणून सासऱ्यांची लोखंडी पेटी ठेवली. पाणकणसाच्या पानात आतून हवा भरलेला भुसभुशीत गर असतो. त्या पेटीखाली तो असा काही बसला की दोन्ही पानं सारखी झाली. तिधारीच्या पानाला बुडाशी पाठीमागून एक कणा असतो, त्यामुळे ते तिकोनी लागतं. तो कणा कागदात जिरून गेला. फुलोरा असता तर पराग बघता आले असते, पण माघात वरचा नराचा भाग केव्हाच गळून गेला होता. उंचीवरून कळलं असतं, कारण तिधारी चांगली हत्ती बुडेल इतकी वाढते, तिच्या शास्त्रीय नावात हत्तीच आहे. पण अक्का तिला दर वर्षी कापायची, त्यामुळे ती चपट्याच्या बरोबरीनंच उभी होती. पुठ्ठ्यावर माझ्यासमोर दोन सारखी पानं होती. मी दोन्हीखाली एकच नाव लिहिलं.

इथवर अज्ञान होतं असं म्हणता येईल. पुढचं अज्ञान नव्हतं. यादीत एक रकाना होता, स्थानिक उपयोग. तळ्यातल्या शेवाळापुढेही मी काही ना काही लिहिलं. पाणकणसापुढे लिहिलं: 'झपाट्यानं पसरणारी. उपयोग आढळला नाही.' हे लिहिताना मी ज्या ओसरीवर बसले होते, तिथे माझ्यापासून चार हातांवर अक्का चटई विणत होती. मला तिची कात्री ऐकू येत होती. त्या सकाळी तिनं माझ्या पातळ वरणावरून सगळ्यांसमोर मला बोलून घेतलं होतं आणि माझं डोकं अजून तापलेलं होतं. बाकी कारण नाही.

यादी छापली गेली, कॉलेजच्या कपाटात गेली, एक प्रत मी मोठ्या ऐटीत ग्रामपंचायतीला दिली. मग सगळे ती विसरले, मीसुद्धा.

गेल्या उन्हाळ्याच्या तोंडाशी एका मंगळवारी मी प्रयोगशाळेत होते. दारात अक्का उभी. लातूरला ती दवाखान्याशिवाय कधी येत नाही, माझ्या घरी तर दोनदाच आली असेल. काखेत ओल्या लुगड्यात गुंडाळलेला लांबलचक भारा. बसमधल्या गर्दीतून तिनं तो कसा आणला देव जाणे. तिनं तो माझ्या टेबलावर, विद्यार्थ्यांच्या वह्यांवर, तसाच आपटला. वर एक कागद ठेवला. माझ्या यादीच्या एका पानाची झेरॉक्स होती.

ती जे बोलली त्यातून मला एवढं कळलं: तळ्यातला गाळ काढून सगळं पाणकणीस मुळापासून उपटायचं पंचायतीनं ठरवलं होतं. पोकलेन शनिवारी येणार होतं. सरपंच म्हणजे आमचेच चुलत दीर. अक्का त्यांच्याकडे भांडायला गेली, चिंचेखालचा कोपरा तेवढा सोडा म्हणाली. त्यांनी हा कागद काढून तिच्या हातात दिला. कॉलेजच्या बाईंनी तपासून लिहिलंय, एकच जात आहे, कामाची नाही, मग कोपरा कशासाठी सोडायचा?

अक्का सातवी शिकलेली. तिनं त्या ओळीवर बोट ठेवलं.

"उपेग न्हाई म्हणून लिव्हलंस व्हय तू?"

  मी भारा सोडला, दोन्ही पानं घेतली आणि बुडाशी ब्लेडनं आडवा छेद घेतला. एक काप चंद्रकोरीसारखा पातळ. दुसरा तिकोनी, जाड, आतून जाळीदार. शिकाऊ पोरानंही दारातून ओळखलं असतं. भाऱ्यात दोन्हीचे फुललेले दांडे होते, तिनं ते आठवणीनं आणले होते. मी पराग काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरले. चपट्याचे पराग सुटे सुटे. तिधारीचे चार-चार एकमेकांना चिकटलेले. पुस्तकात अगदी असंच लिहिलेलं आहे. मी ते वर्षानुवर्षं शिकवत आले आहे.

मी अक्काला म्हणाले, ये, बघ, चार-चार दिसतात.

"मला कशापायी दाखवतीस? मला ठावं हाय," ती म्हणाली. "तू बघ."

तिनं चहा घेतला नाही. कागद दुरुस्त करून सरपंचाकडे धाड, एवढं सांगून ती दोनच्या बसनं परत गेली.

मी दुरुस्त करायला बसले. आता काही चुकू द्यायचं नाही असा पण केला. परागांचे फोटो काढले. दुसऱ्या एका प्राध्यापकांना नमुना दाखवून नाव पक्कं करून घेतलं. कॉलेजच्या कागदावर दोन पानी पत्र लिहिलं, त्यात दोन्ही जातींतले फरक मुद्देसूद मांडले. प्राचार्य बाहेरगावी होते, त्यांच्या सहीसाठी गुरुवार संध्याकाळपर्यंत थांबले. त्या दोन दिवसांत मला एकदाही असं वाटलं नाही की फोन उचलावा आणि दिरांना सांगावं, त्या कोपऱ्याला हात लावू नका, पत्र मागून येतंय. दोन मिनिटांचं काम होतं. पण सहीशिवाय, शिक्क्याशिवाय बोलायचं कसं? माझी आयुष्यभराची सवय ती. शिवाय खरं सांगायचं तर मला अक्कासमोर ते पत्र ठेवायचं होतं, तिच्या कागदावर माझा कागद.

शुक्रवारी सकाळी मी गावात उतरले तेव्हा तळ्याकडून मशीनचा आवाज येत होता. पोकलेनवाला शेजारच्या गावातून लवकर मोकळा झाला म्हणून गुरुवारीच आला होता. चिंचेखालचा कोपरा सगळ्यात आधी साफ झाला होता, कारण सावलीत मशीन उभं करायला जागा हवी होती. तळ्याच्या पाळीवर, बांधावर, काळ्या चिखलाचा आणि कंदांचा ढीग पडला होता, पार मारुतीच्या देवळापर्यंत.

मी दिरांना पत्र दिलं. त्यांनी उभ्या उभ्या दोन्ही पानं वाचली, माणूस वाईट नाही. मग पत्राची घडी घालत म्हणाले, "वहिनी, मागचंबी तुमच्याच सहीचं हाय की."

मला त्यांचा इतका राग आला की कान गरम झाले, आणि राग त्यांच्यावर नव्हता हेही तेव्हाच कळत होतं.

अक्का ढिगावर बसली होती. पदर कमरेला खोचलेला, हात कोपरापर्यंत काळे. कालपासून ती तिथेच होती. मशीननं पानं चिरडली होती, कंदांना वीत-वीत बुडखे तेवढे उरले होते, सगळे चिखलात माखलेले, सगळे सारखे. ती एकेक बुडखा उचलायची, अंगठा आणि दोन बोटांत धरायची आणि फेकायची. उचलायची, धरायची, फेकायची. बाजूला ओलं पोतं होतं, त्याच्याखाली निवडलेले. मी पोतं उचलून बघितलं. तीन होते.

मी साडी वर खोचली आणि तिच्या शेजारी बसले. ती सरकली नाही, पण जा असंही म्हणाली नाही. मी पर्समधून ब्लेडचं पाकीट काढलं. एक बुडखा घेतला, कापला, चपटा निघाला. दुसरा कापला, चपटा. तिसरा तिकोनी निघाला आणि मी तो विजयानं तिच्यापुढे धरला. तिनं बघितलं. मी त्याचा वाढता कोंबच मधोमध चिरला होता. त्यातून आता काहीही उगवणार नव्हतं.

तिनं माझ्या हातातलं ब्लेड घेतलं आणि पाळीखाली भिरकावलं.

"मारून काय बघतीस? हात न्हाईत का तुला?"

मग मी हातानं बघू लागले. मला जमेना. मला सगळेच थोडे चपटे, थोडे तिकोनी लागत होते. वीस वर्षं जे पाठ म्हणून दाखवत होते ते बोटांत उतरेना. मी एखादा तिच्यापुढे धरायची, ती न बघताच चिमटीत घेऊन फेकायची. ऊन वर चढलं, चिखल वाळायला लागला, वाळलेल्यात तर फरक आणखीच कळेना. दुपारी ती उठली तेव्हा पोत्याखाली पाच कंद होते. पाचही तिनंच शोधलेले.

घरी जनावरांचा जुना हौद आहे. आता जनावरं नाहीत, त्यात भंगार पडलेलं असतं. अक्कानं तो रिकामा केला, तळ्यातली माती घातली, पाणी सोडलं आणि पाचही कंद रोवले. मी मागे उभी होते. सकाळपासून जे तोंडाशी येत होतं ते म्हणाले. म्हणाले, अक्का, माझं चुकलं, त्या वेळी तू सांगितलं होतंस.

ती हात धूत होती. "चुकलं म्हनून तळ्यात उगवतंय व्हय?"

मला तिचा संताप आला. माफी मागताना मान खाली घालावी लागते, आणि तिनं ती तशीच खाली ठेवायला लावली. रात्रीचं न जेवता मी लातूरला परतले.

पाचातले दोन कुजले. तीन फुटले. हे मला नवऱ्याकडून कळत होतं. पोळ्याला गावी गेले तेव्हा हौदात चांगली छातीएवढी पात उभी होती. मी धीर करून अक्काला म्हणाले, एक कोंब मला दे, कॉलेजात लावते, एकाच ठिकाणी राहायला नको. हे खरं होतं. पण कॉलेजच्या बागेत माझ्या हातानं लावलेली तिधारी असावी, हेही तितकंच खरं होतं. मला वाटलं ती फटकारेल. ती सरळ मागे गेली आणि ओल्या गोणपाटात गुंडाळलेला एक कोंब आणून माझ्या पिशवीत ठेवला. इतकं सहज की मला शंका यायला हवी होती.

विभागामागे मी एक पिंप अर्धं कापून घेतलं, माती भरली, कोंब लावला. पत्र्याच्या पट्टीवर शास्त्रीय नाव रंगवून घेतलं, खाली मराठीत 'तिधारी पाणकणीस'. येणाऱ्या प्रत्येक तुकडीला तिथे नेलं. चपट्या पातीची आणि हिची गल्लत कशी होते, वाळवलेल्या नमुन्यावर विसंबणं कसं धोक्याचं, यावर मी चांगला पाऊण तास बोलायची. अक्काचा उल्लेख करायची, 'एक स्थानिक महिला' असा. पोरांनी चित्रं काढली, वहीत नाव लिहिलं, मी खाली सह्या केल्या.

दिवाळीची सुट्टी संपल्यावर एका सकाळी मी पिंपात पाणी घालायला गेले. कडेचं एक पान पिवळं पडलं होतं. ते उपटायला म्हणून मी बुडाशी हात घातला आणि हात तिथेच थांबला. अंगठ्याखाली पाठ गुळगुळीत होती. कणा नव्हता. मी शेजारचं पान धरलं, मग त्याच्या शेजारचं. मी ते झाड डोळे उघडे ठेवून अडीच महिने रोज बघत होते. बोटांना कळायला एक क्षण लागला. चपटं होतं. सगळं चपटं होतं. तळ्याच्या पलीकडच्या काठाला उरलेलं, कुणालाही न मागता मिळणारं चपटं.

 सबंध तुकड्यांच्या वह्या डोळ्यांपुढे आल्या. तिनं हे जाणूनबुजून केलं होतं यात मला तिळमात्र शंका नव्हती. मी तिथूनच, ओल्या हातानं, तिला फोन लावला. आयुष्यात पहिल्यांदा मी तिला स्वतःहून फोन केला होता, आणि कशी आहेस असंही विचारलं नाही.

"अक्का, तू दिलेली ही तिधारी नाही."

पलीकडे कोंबडीचा आवाज येत होता. 

"कापून बघितलंस?"

"नाही. हातानं."

"दिवाळी गेली की कळायला," ती म्हणाली आणि फोन ठेवून दिला.

मी पट्टीवरचं नाव खरवडून काढलं. विद्यार्थ्यांना वर्गात उभं राहून सांगितलं की नाव चुकलं, वह्या दुरुस्त करा, आणि हो, चूक माझीच. पिंपात चपटं पाणकणीस जोमानं वाढतं आहे, आता मी पोरांना आधी त्याच्या बुडाला हात लावायला लावते. हौदातली तिधारी या वर्षी अक्कानं कापली नाही, वाढू दिली. त्यातला कोंब तिनं मला अजून दिलेला नाही, आणि मीही पुन्हा मागितलेला नाही.